सर्वांनी लिहावे, पण तपासावे कोणी?

ज्ञान दिल्याने वाढते, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दिलेले ज्ञान खरे आहे. एक गुरू आणि चार शिष्य असत, तोवर हे गृहीत फारसे धोक्याचे नव्हते. शिष्य चुकला तर गुरू समोरच असे. परंतु जेथे देणारे लाखांनी आणि घेणारे कोटींनी मोजावे लागतात, आणि दोघांनीही एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नसते, तेथे दिलेले ज्ञान खरे आहे की नाही हे कोणी पाहावयाचे? प्रस्तुत विवेचनाचा विषय हा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी निवडलेले उदाहरण संगणकाच्या क्षेत्रातील असले, तरी जेथे जेथे लोकसहभागाने माहिती गोळा होते तेथे तेथे ते लागू पडावे असे आहे.

तपासणीचे काम तसे आपणांस अपरिचित नाही. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ही व्यवस्था ठाऊक आहे. परीक्षकाने गुण दिल्यानंतर त्याच्या गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो आणि तफावत आढळल्यास ती दुरुस्त करवून घेतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदी जाणकारांनी लिहिल्या आणि संपादकांच्या हाताखालून गेल्यावरच त्या छापल्या गेल्या. या दोन्ही व्यवस्थांत तपासणारा नेमलेला असतो, आणि त्याचे काम झाल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही.

प्रोग्रॅमर म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिणारे लोक. त्यांनी गेल्या काही वर्षांत आपल्या सामायिक ज्ञानासाठी जी व्यवस्था उभी केली, तिचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. तेथे लेखन प्रथम प्रसिद्ध होते आणि तपासणी मागाहून होते. तपासणारे बहुतांशी कोणी नेमलेले नसतात आणि त्यांना वेतन वा मानधन नसते. अशी व्यवस्था चालावी कशी, ती कोठे अडली आणि तिच्यापासून काय शिकता येईल, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

भांडाराची उभारणी

स्टॅक ओव्हरफ्लो या नावाचे प्रश्नोत्तरांचे भांडार जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोन अमेरिकन प्रोग्रॅमरांनी २००८ च्या सप्टेंबर महिन्यात सर्वांसाठी खुले केले. कल्पना साधी होती. आज्ञावली लिहिताना अडलेल्या माणसाने प्रश्न मांडावा, ज्यास ठाऊक असेल त्याने उत्तर द्यावे, आणि ते उत्तर पुढे त्याच अडचणीत सापडणाऱ्या प्रत्येकास उपयोगी पडावे. लेखन कोणासही विनामूल्य वापरता यावे, मात्र मूळ लेखकाचा उल्लेख करावा आणि त्यावर आधारलेले लेखनही तशाच अटींवर खुले ठेवावे, असा परवाना प्रारंभापासून ठेवण्यात आला.

या भांडाराचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. पुणे, मुंबई, नागपूर येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि संगणक व्यवसायातील तरुण यांच्या नित्याच्या कामात ते पाठ्यपुस्तकाइतकेच रुळले. दूर अमेरिकेत वा युरोपात बसलेल्या कोणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या आठदहा ओळी येथील एखाद्या कार्यालयाच्या आज्ञावलीत जशाच्या तशा उतरू लागल्या. सोय मोठी होती आणि तिच्याबरोबर येणारी जोखीमही तेवढीच मोठी होती.

एका चुकीची किंमत

ही जोखीम किती खरी आहे, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. मोबाइल फोनवर चालणाऱ्या १३ लाख अँड्रॉइड ॲपची पाहणी जर्मनीतील संशोधकांच्या एका गटाने केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. माहितीच्या सुरक्षिततेशी संबंधित असे आज्ञावलीचे तुकडे या भांडारातून उचलून वापरलेली ॲप १५.४ टक्के निघाली. त्यांपैकी ९७.९ टक्के ॲपमध्ये निदान एक तुकडा असुरक्षित होता. ज्याने तो तुकडा उचलला त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि ज्याने लिहिला त्याचाही बहुधा नसावा. तथापि, परिणाम भोगावा लागतो तो फोन वापरणाऱ्या सामान्य माणसाला, आणि या भांडाराचे नावही त्याच्या कानावरून गेलेले नसते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. संगणकातील फाइलचा आकार बाइट या परिमाणात मोजतात. तो मोठा आकडा सामान्य वाचकास कळेल अशा रीतीने, म्हणजे किलोबाइट वा मेगाबाइटमध्ये दाखवावयाचा असेल तर काय करावे, असा प्रश्न एकाने विचारला होता. एका प्रोग्रॅमरने २०१० मध्ये त्याचे सुटसुटीत उत्तर लिहिले. ते लोकांस इतके आवडले की, पुढे झालेल्या एका अभ्यासात जावा या संगणकभाषेतील सर्वाधिक उचलला गेलेला तुकडा तोच ठरला. हजारो आज्ञावलींमध्ये तो जाऊन बसला होता. २०१९ मध्ये मूळ लेखकानेच तो पुन्हा बारकाईने पाहिला, तेव्हा त्यात चूक आढळली. ९,९९,९९९ बाइटचा आकार ‘१.० मेगाबाइट’ असा दाखविण्याऐवजी तो ‘१०००.० किलोबाइट’ असा दाखवीत होता. लेखकाने ती चूक स्वतः जाहीर केली आणि मूळ उत्तर दुरुस्त केले.

चूक किरकोळ होती. कोणाचे नुकसान व्हावे अशी ती नव्हती. परंतु तिच्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली ही की, पुष्कळांनी पसंती दिली म्हणजे पुष्कळांनी तपासले असे होत नाही. दुसरी ही की, मूळ ठिकाणी केलेली दुरुस्ती तेथून नेलेल्या प्रतींपर्यंत आपोआप पोहोचत नाही. विहिरीचे पाणी शुद्ध केले, तरी घरोघरी भरून ठेवलेले हंडे तसेच राहतात. म्हणून पाणी भरले जाण्यापूर्वीच, निदान त्यानंतर लवकरात लवकर, तपासणी होणे अगत्याचे असते.

तपासणीची यंत्रणा

ही तपासणी पगारी माणसांकडून करवून घेणे आकारमानामुळेच अशक्यप्राय होते. तेव्हा संस्थापकांनी ती सदस्यांवरच सोपविली, परंतु सर्वांवर सारखी नव्हे. ज्याचे लेखन इतरांस उपयुक्त वाटले त्यास प्रतिष्ठागुण मिळावेत, आणि गुण वाढतील तसतसा त्याचा अधिकार वाढावा, असे सूत्र ठरविण्यात आले. भांडाराच्या पहिल्या दीड दशकात रूढ असलेले प्रमाण असे होते : १५ गुण झाले की अनुकूल मत देता येई, आणि प्रतिकूल मत देण्यास १२५ गुण लागत. नवागतांचे पहिले लेखन पाहण्यासाठी वेगळी रांग असे. तेथे प्रवेश मिळण्यास ५०० गुण हवे असत. दुसऱ्याच्या लेखनात थेट दुरुस्ती करण्याचा अधिकार २,००० गुणांनंतर, आणि सदोष प्रश्न बंद करण्यासाठी मत देण्याचा अधिकार ३,००० गुणांनंतर मिळे.

या रचनेतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. कोणाच्याही उत्तरास प्रतिकूल मत दिले, तर उत्तर लिहिणाऱ्याचे दोन गुण जात आणि मत देणाऱ्याचाही एक गुण जाई. दुसऱ्याचे लेखन नापसंत करणे फुकट असू नये. तसे करणाऱ्याने स्वतःही थोडी झीज सोसावी, म्हणजे तो विचार करूनच तसे करील, हा त्यामागील हेतू होता. तसेच, ज्यास पुरेसे गुण नाहीत त्यालाही दुरुस्ती सुचविता येई. मात्र ती सूचना रांगेत जाई आणि एकाहून अधिक तपासनिसांनी मान्य केल्यावरच लागू होई. मान्य झालेल्या सूचनेबद्दल सुचविणाऱ्यास दोन गुण मिळत.

तपासनिसांवर देखरेख कोणाची, हा प्रश्न येथेही उपस्थित झाला. रांगेतील लेखन न वाचताच भराभर ‘मान्य’ असा शेरा मारणारे लोक सर्वत्र असतात. त्यासाठी एक युक्ती योजण्यात आली. तपासणीच्या रांगेत अधूनमधून असे लेखन ठेवले जाई की, ज्याचा निकाल आधीच निश्चित असे. उघडउघड निरर्थक मजकूर एखाद्याने मान्य केला, तर तो वाचत नसल्याचे तेथल्या तेथे सिद्ध होई. अशी चूक वारंवार झाल्यास त्याचा तपासणीचा अधिकार काही काळ स्थगित होई.

याच्याही वर नियामक असतात. प्रारंभीचे काही नियामक नेमलेले होते. २०११ पासून सदस्यांनी मतदानाने नियामक निवडण्याची प्रथा सुरू झाली. प्रश्न बंद करण्यास सामान्य सदस्यांची प्रारंभी पाच आणि पुढे तीन मते लागत. नियामकाचा एकट्याचा निर्णय मात्र पुरेसा असे. एवढा अधिकार असूनही हे पद पूर्णतः अवैतनिक आहे. वाद मिटविणे, एकाच माणसाने अनेक नावांनी चालविलेली लबाडी शोधणे, शिवीगाळ करणाऱ्यास दूर ठेवणे, दुसरीकडचे लेखन स्वतःचे म्हणून देणाऱ्यास पकडणे, अशी सारी नकोशी कामे या लोकांच्या वाट्यास येतात.

अधिकार आणि कारण

एवढी अधिकारांची उतरंड असूनही ही व्यवस्था पुष्कळ काळ टिकली, याचे कारण तिच्या तीन नियमांत सापडते. पहिला नियम असा की, लेखन नाकारावयाचे तर कारण सांगावे लागे, आणि ती कारणेही आधीच जाहीर केलेली असत. हाच प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. पुरेसा तपशील दिलेला नाही. एकाच प्रश्नात अनेक प्रश्न गुंफले आहेत. हा केवळ मताचा विषय आहे. हा प्रश्न या भांडाराच्या कक्षेत येत नाही, अशी ती कारणे. ‘आवडले नाही’ हे कारण त्या यादीत नव्हते.

दुसरा नियम असा की, निर्णय फिरविता येई. बंद झालेला प्रश्न लेखकाने सुधारला, तर तो पुन्हा उघडण्यासाठी मत देता येई. केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची पूर्वीची प्रत जपून ठेवली जाई आणि ती कोणासही पाहता येई. तिसरा नियम असा की, निर्णयाविषयी तक्रार करण्यास स्वतंत्र जागा राखून ठेवलेली होती, आणि तेथील चर्चा उघड चाले.

ग्रामपंचायतीचे काम पाहणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे, इतिवृत्त राखावे, आणि अपिलाची वाट मोकळी असावी, हीच तत्त्वे तेथेही आहेत. नाकारला गेलेला माणूस रागावतो, हे स्वाभाविक आहे. परंतु कारण कळले आणि पुढचा मार्ग दिसला, म्हणजे तो राग सहसा संस्थेवर राहत नाही.

फसलेला एक प्रयोग

प्रश्नोत्तरांत यश मिळाल्यानंतर चालकांनी एक मोठे पाऊल उचलले. प्रश्नांची वाट न पाहता प्रत्येक संगणकभाषेवर आणि साधनावर सदस्यांनीच विषयवार लेख लिहावेत, उदाहरणे द्यावीत आणि त्यातून सर्वांच्या मालकीचा संदर्भग्रंथ सिद्ध व्हावा, अशी ती योजना होती. जुलै २०१६ मध्ये ती चाचणीदाखल सर्वांसाठी खुली झाली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये बंद करण्यात आली. जेमतेम एक वर्षाचे आयुष्य लाभलेल्या या योजनेचा अभ्यास यशस्वी योजनेइतकाच उपयुक्त आहे.

पहिली अडचण अशी होती की, कोणासाठी लिहावयाचे हेच निश्चित नव्हते. प्रश्नाचे उत्तर लिहिताना समोर एक अडलेला माणूस असतो. त्याचे अडलेले सुटले की उत्तर बरोबर, आणि न सुटले की चूक, अशी कसोटी आपोआप लागते. लेखाला अशी कसोटी नव्हती. लेख पुरा झाला की अपुरा, आवश्यक की अनावश्यक, हे तपासनिसाने कशावरून ठरवावयाचे?

दुसरी अडचण बक्षिसाच्या पद्धतीतून उद्भवली. एखाद्या उदाहरणास अनुकूल मत मिळाले की, त्यात भर घालणाऱ्या अनेकांना प्रतिष्ठागुण मिळत. साहजिकच, लोकप्रिय उदाहरणात जाऊन लहानसा फेरफार करण्याकडे कल वाढला. दुसरीकडच्या अधिकृत माहितीपुस्तिकांमधून मजकूर उचलून आणल्याच्या तक्रारीही झाल्या. लिहिण्यास बक्षीस होते, आणि तपासण्याचे काम मात्र साचत गेले. जेथे संख्येवर गुण मिळतात तेथे संख्या वाढते, हा अनुभव आपल्याकडील विकासयोजनांत काम केलेल्या कोणासही नवा नाही. वृक्षारोपणात लावलेली रोपे मोजली आणि जगलेली झाडे मोजली नाहीत, तर काय होते हे सर्वांस ठाऊक आहे.

नवागताचे मन

तपासणी कडक ठेवली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. वर्षानुवर्षे त्याच त्या चुका पाहून तपासनिसांची भाषा तुसडी होत गेली. पहिल्यांदाच प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यास काही मिनिटांत प्रतिकूल मते मिळावीत, प्रश्न बंद व्हावा आणि वर एखादा टोमणाही ऐकावा लागावा, असे घडू लागले. कारण यादीतले असे, परंतु ते सांगण्याची रीत झोंबणारी असे. जगभर या भांडाराची तशी ख्याती झाली.

एप्रिल २०१८ मध्ये संस्थेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, आपले भांडार नवागतांचे पुरेसे स्वागत करीत नाही आणि हे बदलले पाहिजे, असे जाहीर निवेदन केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता लागू झाली आणि नव्या सदस्याच्या नावापुढे तो नवा असल्याची खूण दिसू लागली, जेणेकरून तपासणाऱ्याने शब्द जपून वापरावेत.

या प्रश्नास दुसरी बाजूही आहे. जो मनुष्य आपला फावला वेळ खर्चून दररोज शेकडो लेख डोळ्यांखालून घालतो, त्याच्याकडून प्रत्येक वेळी हसतमुखाची अपेक्षा करणे सोपे आहे. ती पुरी करणे कठीण आहे. नवागतास मान हवा हे खरे, आणि तपासनिसास विसावा हवा हेही तितकेच खरे. एकाची बाजू घेऊन दुसऱ्यास दोष दिल्याने दोघेही दुरावतात, हा या प्रकरणाचा बोध आहे.

यंत्राने लिहिलेले लेखन

२०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने ही संस्था सुमारे १.८ अब्ज डॉलर किमतीस विकत घेतली. भांडाराचे मोल कशात होते, हे या आकड्यावरून दिसते. ते मोल ज्यांनी लिहून आणि तपासून निर्माण केले, ते बहुसंख्य लोक अवैतनिक होते. त्यांनी मोबदला मागितला नव्हता. आपल्या श्रमाची बूज राखली जावी आणि आपण जपलेल्या भांडाराची प्रत टिकावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. या अपेक्षेची परीक्षा लवकरच झाली.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन सर्वांसाठी खुले झाले. काही दिवसांतच त्याच्याकडून लिहवून घेतलेली हजारो उत्तरे या भांडारात येऊन पडली. ५ डिसेंबर रोजी अशा उत्तरांवर तात्पुरती मनाई घालण्यात आली. त्यासाठी दिलेले कारण मननीय होते. या उत्तरांत चुकीचे प्रमाण फार होते, पण ती दिसावयास चांगली दिसत, आणि ती तयार करण्यास श्रम पडत नसत. उलट, त्यातील चूक शोधण्यास विषयाचा जाणकार माणूस आणि त्याचा वेळ लागे. स्वयंसेवकांची तपासणीची व्यवस्था या लोंढ्याखाली दबून जाऊ लागली होती.

मे २०२३ च्या अखेरीस संस्थेने नियामकांना सूचना दिली की, लेखन यंत्राचे असल्याच्या संशयावरून ते काढणे आणि लेखकावर कारवाई करणे जवळजवळ थांबवावे. लेखन यंत्राचे आहे की माणसाचे हे ओळखणारी साधने भरवशाची नाहीत आणि त्यामुळे निरपराध माणसांवर अन्याय होतो, असे संस्थेचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य होते. मनाई कायम ठेवून ती अंमलात आणण्याचा मार्गच काढून घेतला जात आहे, आणि हा निर्णय आपणांस विश्वासात न घेता झाला आहे, असे नियामकांचे म्हणणे होते. त्यातही तथ्य होते. ५ जून २०२३ पासून अनेक नियामकांनी आणि तपासनिसांनी काम थांबविले. त्यांच्या जाहीर पत्रास हजाराहून अधिक सदस्यांनी पाठिंबा दिला. पगार नसलेल्या माणसांनी संप करावा, ही घटना विरळाच म्हणावी लागेल. सुमारे दोन महिन्यांच्या वाटाघाटींनंतर, कोणती लक्षणे आढळल्यास लेखन काढता येईल याविषयी सहमती झाली आणि ऑगस्टच्या प्रारंभी संप मिटला.

दरम्यानच्या काळात प्रश्न विचारणाऱ्या पुष्कळांनी माणसांकडे येण्याऐवजी यंत्रालाच विचारणे पसंत केले आणि भांडारात येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या उतरणीस लागली. परंतु यंत्र जे सांगते त्यातील बराच भाग माणसांनी लिहिलेल्या आणि तपासलेल्या अशाच साठ्यांवर पोसलेला असतो, हे विसरता येत नाही. साठा तपासणारे थकले आणि निघून गेले, तर यंत्राच्या उत्तरांचा आधारही कालांतराने क्षीण होईल.

आपल्या दृष्टीने

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. लिहिण्यास लागणारे श्रम आणि तपासण्यास लागणारे श्रम हे सारखे नसतात. जोपर्यंत लिहिणे कष्टाचे होते, तोपर्यंत येणाऱ्या लेखनावर आपोआपच काही मर्यादा राहत होती. लिहिणे स्वस्त झाले, तपासणे मात्र पूर्वीइतकेच महाग राहिले. म्हणून यापुढे ज्ञानाच्या कोणत्याही सार्वजनिक साठ्याची खरी मर्यादा तपासणाऱ्यांची संख्या आणि त्यांची सहनशक्ती हीच असणार आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या निघाल्या. मराठी आवृत्ती निघाली नाही. मराठी प्रोग्रॅमर तेथे इंग्रजीतूनच लिहितात. सर्वांनी लिहावे आणि सर्वांनी तपासावे या तत्त्वावर चालणारा मराठीतील मोठा उपक्रम म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया. तेथील प्रचालकही स्वयंसेवकच आहेत, आणि लिहिणाऱ्यांच्या मानाने तपासणारे थोडे, ही अडचण तेथेही आहे.

शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना अशा उपक्रमांसाठी लिहावयास सांगितले जाते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र एका दिवसात किती लेख झाले याची गणती करण्यापूर्वी, ते कोण तपासणार आहे याची योजना झालेली असावी. पाठ्यपुस्तकातील उतारा जसाच्या तसा उतरविणे हे लेखन नव्हे. त्याने दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण होते आणि निस्तरण्याचे काम कोणा अनोळखी स्वयंसेवकाच्या माथी पडते. वर्गातील अर्ध्या मुलांनी लिहावे आणि अर्ध्यांनी तपासावे, दुसऱ्या खेपेस कामे बदलावीत, एवढी साधी व्यवस्था शिक्षकांना करता येईल. आधार कोठे आहे, आकडा जुळतो का, हेच वाक्य दुसरीकडून उचललेले आहे का, असे प्रश्न विचारावयास शिकलेले मूल पुढे यंत्राच्या सफाईदार उत्तरालाही हेच प्रश्न विचारील.

शासकीय कार्यालये आणि ग्रामपंचायती यांच्याकडे आता गावोगावची माहिती संगणकावर गोळा होते. विहिरी, शाळा, रस्ते, लाभार्थी यांच्या याद्या भरणाऱ्याचे नाव बहुधा नोंदीत असते. ती पडताळणाऱ्याचे नाव, त्याने नाकारलेल्या नोंदीचे कारण आणि दुरुस्तीची तारीख हीसुद्धा तेथे असावी. त्या पडताळणीस कामाच्या वेळापत्रकात स्वतंत्र वेळ ठेवला पाहिजे. उरल्यासुरल्या वेळेत ती नीट होत नाही. प्रोग्रॅमरांच्या समाजास हे पंधरा वर्षांच्या अनुभवाने, आणि अखेर दोन महिन्यांच्या संपाने कळले. गावची यादी प्रसिद्ध होण्यापूर्वीच ती व्यवस्था करून ठेवणे आपल्या हाती आहे.